दुसरी स्प्रिंग

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नर्सरीत कोय कलमांची धांदल सुरू असते. कोयींना फुटलेले तांबूस कोंब जेमतेम दहा-पंधरा दिवसांचे असतानाच त्यांच्यावर आंब्याची डोळकाडी, म्हणजे कलमासाठी कापलेली काडी, बांधावी लागते, त्यामुळे त्या दिवसांत हातातला चाकू खाली ठेवायला फुरसत मिळत नाही. कलमाचा चाकू वेगळा असतो आणि पोती फोडायला, सुतळी कापायला, प्लास्टिकच्या पट्ट्या पाडायला खिशात ठेवलेला घडीचा चाकू वेगळा. अशाच एका संध्याकाळी सुतळी कापून झाल्यावर मी हा दुसरा चाकू मिटायला घेतला आणि बोटांना काहीतरी निराळे जाणवले. उघडे पाते अडकवून धरणाऱ्या लॉकचा जो आडवा दांडा मुठीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला असतो, तो मी अंगठा आणि तर्जनी यांनी मागे ओढला, तेव्हा अंगठ्याकडचे टोक नेहमीसारखे ताणून धरत होते, पण तर्जनीकडचे टोक जवळजवळ विरोध न करता मागे आले. पाते उघडे असताना घट्टच होते. हलवून पाहिले, उलट्या बाजूने दाबून पाहिले, तरी ते तसूभरही हलले नाही. रात्री दिव्याखाली पांढरा पंचा अंथरून मी मुठीचे स्क्रू काढले. या दांड्याला पुढे रेटणाऱ्या स्प्रिंगा म्हणजे दोन बाजूंच्या दोन बारीक तारा. त्यांतली डाव्या बाजूची तार शाबूत होती. उजव्या बाजूची तार वळणावर तुटून तिचे दोन तुकडे झालेले होते आणि ते तुकडे जुन्या, काळ्या पडलेल्या तेलात चिकटून बसले होते. भिंग लावल्यावर दिसले की तुटीचा चेहरा चकचकीत नव्हता, तपकिरी होता. त्यावर गंज चढून वर खिशातल्या कापसाची तुसे बसली होती. म्हणजे ती तार त्या दिवशी तुटलेली नव्हती. महिनाभरापूर्वी तुटली असेल, कदाचित मागच्या पावसाळ्यातही तुटली असेल.

नेमके केव्हा, ते चाकूने कधीच कळू दिले नव्हते.

या लॉकची रचना मला पहिल्यापासून आवडत आली आहे. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स या अमेरिकन कारागिरांनी ती शोधून काढली, बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये ‘ॲक्सिस लॉक’ या नावाने ती बाजारात आणली आणि पेटंटची मुदत संपल्यावर अनेक देशांतले निर्माते तशाच धर्तीची लॉक बसवू लागले. माझा चाकू अशाच एका नंतरच्या निर्मात्याचा आहे. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे असतात, त्यांत एकेक तिरकी खाच असते आणि त्या दोन खाचांमधून एक जाडसर पोलादी दांडा आडवा सरकतो. पाते पूर्ण उघडले की हा दांडा पुढे येऊन पात्याच्या बुडावरच्या उतारावर चढतो आणि पाते आणि अटकावाची पिन यांच्यामध्ये पाचरीसारखा बसतो. पाते मिटवू पाहणारा सगळा भार हा दांडा घेतो. स्प्रिंगांनी त्याला फक्त पुढे रेटून धरायचे असते. म्हणूनच एक स्प्रिंग मेली तरी पाते घट्ट राहिले. दांडा मागे ओढला की पाते मोकळे होऊन लोंबते आणि बोटे पात्याच्या वाटेत न आणता, एका हाताने चाकू मिटता येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला जेवढी ही सोय, तेवढीच डावखुऱ्याला. दिवसभर ज्याच्या एका हातात रोप असते, त्याला ही सोय किती मोठी वाटते हे मी अनुभवाने सांगू शकते. ह्या सगळ्या सोयीच्या मुळाशी ग्रीक ओमेगा अक्षराच्या आकारात वळवलेल्या दोन तारा आहेत. त्यांचे एक टोक पत्र्यातल्या भोकात अडकवलेले असते आणि दुसरे दांड्याच्या टोकाला. जाडी म्हणाल तर शिवणाच्या जाड सुईच्या आसपास.

या चाकूआधी माझा स्प्रिंगांशी संबंध आला तो कलमाच्या चाकूमुळे. आमच्याकडे आबा नावाने ओळखले जाणारे एक जुने माळी होते. कोय कलम बांधताना त्यांचा हात इतका हलका चाले की कोवळ्या खुंटावर चीर पडली हे पाहणाऱ्याला उशिरा समजे. त्यांच्याकडे घडीचा एक परदेशी कलमाचा चाकू होता. त्याला लॉक नव्हते. पात्याच्या बुडाला दाबून धरणारी पाठीवरची जाड पोलादी पट्टी, एवढीच त्याची यंत्रणा. पाते उघडले की पट्टी बुडाच्या सपाट बाजूवर बसायची, मिटले की दुसऱ्या बाजूवर, आणि मधल्या प्रवासात ती थोडी उचलली जायची. हीच पद्धत स्विस चाकूंत आहे. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावी कार्यशाळा काढली, 1891 मध्ये तिथल्या सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि 1897 च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत एकाच पाठपट्टीवर दोन्ही बाजूंची अवजारे बसवून सहा अवजारांना दोनच पट्ट्या पुरवल्या. आमच्या घरी असलेल्या स्विस चाकूच्या त्या पाठपट्ट्या आजही पहिल्यासारख्या ताठ आहेत. पण त्याच चाकूतल्या छोट्या कात्रीची दोन पाती उघडी ठेवणारी नाजूक स्प्रिंग मात्र केव्हाच गेली. ती इतक्या लोकांची जाते की तिचा सुटा भाग वेगळा विकत मिळतो आणि नखाने, चिमट्याने घरच्या घरी बसवता येतो. एकाच मुठीत, एकाच कारखान्यातून आलेल्या दोन स्प्रिंगांची आयुष्ये इतकी वेगळी का व्हावीत, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, पण त्याचे उत्तर शोधण्याइतका तो टोचला नव्हता.

आबांना पोलादाबद्दल एकच भीती होती आणि ती आंब्याच्या चिकाची. चीक आम्लधर्मी असतो, कातडीवर पडला तर चट्टा उठतो, आणि डोळकाडी कापताना पात्यावरून ओघळून तो थेट सांध्यात उतरतो. तिथे वाळला की त्याची खळ होते आणि त्या खळीत पावसाळ्याचा ओलावा धरून राहतो. आबा दर दुपारी जेवायला बसण्याआधी चाकू गरम पाण्यात बुडवायचे, सांधा उघडमीट करून धुवायचे, फडक्याने कोरडा करायचे आणि खोबरेल तेलाचा एक थेंब पाठपट्टीखाली सोडायचे. मला म्हणायचे, “ताई, पातं गंजलं तर घासता येतं, पट्टी गंजली तर काय घासणार?” त्यांचे हे बोलणे मला तेव्हा निव्वळ टापटिपीचे वाटे. खोबरेल तेल पुढे घट्ट होते, चाकूसाठी ते काही उत्तम तेल नव्हे, पण गंज स्प्रिंगचे नेमके काय करतो याची त्यांना जी जाण होती ती फार खोल होती, हे मला पुढे भाच्याशी बोलताना उमगले.

माझा भाचा चाकणला दुचाकींच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचे काम करतो. तो गणपतीला घरी आला तेव्हा मी तारेचे ते दोन तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने बराच वेळ भिंगातून पाहिले आणि म्हणाला, “मावशी, ही जोराने तुटलेली नाही, थकून तुटली आहे.” पोलाद थकते ही गोष्ट माणसांना आगगाडीने शिकवली. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस कधीही जास्त ओझे न लादता मोडू लागले, तेव्हा ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने अनेक वर्षे आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिले. एका फटक्यात जे ओझे पोलाद सहज पेलते, तेच लाखो वेळा दिले तर त्याच्याने ते मोडते, आणि भार एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास अमर राहते, असे त्याच्या हाती लागले. मोडण्याची सुरुवात पृष्ठभागावर होते. तिथे एखादा ओरखडा असतो, वळवताना हत्याराचा उठलेला व्रण असतो किंवा गंजाने पडलेला खड्डा असतो. प्रत्येक उघडमिटीला तिथली चीर अगदी किंचित पुढे सरकते, आणि उरलेली तार भार पेलण्याइतकी राहिली नाही की एका साध्या, रोजच्या हालचालीत ती तुटते. म्हणून तुटण्याच्या दिवशी आपण काय केले हे आठवण्यात काही अर्थ नसतो. खरे तुटणे त्या दिवसापर्यंत बहुतेक पूर्ण झालेले असते.

मी त्याला विचारले, की तुझ्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा मग का तुटत नाहीत? त्यावर तो जे बोलला त्याने माझ्या मनातला जुना प्रश्न सुटला. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तर त्याच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला 3,000 वेळा दबते, म्हणजे तासाला 1,80,000 वेळा. चाकू दिवसातून वीस वेळा उघडला तर वर्षाचे 7,300 होतात. हातचाळा म्हणून दिवसातून दोनशे वेळा उघडमीट करणारा माणूस धरला तरी वर्षाला 73,000. त्या माणसाच्या दोन-अडीच वर्षांच्या उघडमिटी व्हॉल्व्हची स्प्रिंग एका तासात करते आणि तिला काही होत नाही. चाकूची तार मात्र काही वर्षांत जाते. दोन्ही तारांचे पोलाद एकमेकांपासून फार लांबचे नसते. उलट बारीक ओढलेली तार तिच्या जाडीच्या मानाने जाड तारेपेक्षा जास्त बळकट असते. फरक पडतो तो जागेमुळे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला हातभर तार गुंडाळण्याइतकी जागा मिळते, त्यामुळे सगळा बाक त्या पूर्ण लांबीवर विभागला जातो आणि कोणत्याही एका बिंदूवर ताण मर्यादेबाहेर जात नाही. शिवाय तिच्यावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात, त्याने पृष्ठभाग आतल्या आत आवळला जातो आणि चीर फुटायलाच अडचण होते. ओमेगा तारेला पत्रा आणि मुठीची पट्टी यांच्यामधली दीड-दोन मिलिमीटरची फट मिळते. तेवढ्या जागेत, पेराएवढ्या तारेने, दांड्याचा संपूर्ण प्रवास झेलायचा. सगळा बाक एक-दोन घट्ट वळणांत गोळा होतो. चाकू सडपातळ असावा, खिशात जाणवू नये, तरीही लॉक झटकन बसावे, ह्या आपल्या मागण्यांची किंमत ती वळणे चुकती करतात.

आणि ताण थोडासा कमी झाला तर आयुष्य थोडेसे वाढते असेही नाही. ते कित्येक पटींनी वाढते. म्हणजे निर्मात्याने वळण जरा मोठे ठेवले, तारेची लांबी पेरभर वाढवली, वळवायचे हत्यार गुळगुळीत ठेवून व्रण टाळला, तर काही हजार उघडमिटींत जाणारी तार काही लाखांपर्यंत जाऊ शकते. स्विस चाकूच्या पाठपट्टीचे चिरंजीवित्व याच हिशोबात बसते. ती चाकूभर लांब असते, जाड असते, आणि पाते फिरताना तिला फार थोडे उचलावे लागते. त्याच चाकूतल्या कात्रीच्या स्प्रिंगला बोटाच्या पेराएवढ्या लांबीत प्रत्येक चिमटीला पुरते वाकावे लागते.

मात्र व्योलरने शोधलेली ती मर्यादा, जिच्याखाली पोलाद जवळपास अमर असते, ती कोरड्या, स्वच्छ हवेतली आहे. ओलावा, मीठ किंवा आम्ल सतत लागत असेल तर ती मर्यादाच नाहीशी होते. मग कितीही कमी ताण असला तरी वाकणे आणि गंजणे हातात हात घालून चीर पुढे नेत राहतात आणि तुटणे हा केवळ काळाचा प्रश्न उरतो. स्टेनलेस पोलादही यातून सुटत नाही, कारण मिठाने त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि चिरेला तेवढे पुरते. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला आबांचे गरम पाणी आठवले. समुद्रापासून आठ-दहा किलोमीटरवरचे आमचे गाव, चार महिने न वाळणारे कपडे, घामाने भिजलेला खिसा आणि त्यात आंब्याचा चीक. परदेशातल्या कोरड्या गावी पंधरा वर्षे टिकलेल्या तारेची ग्वाही दापोलीच्या पावसात देता येत नाही, आणि चाकू विकताना जे आकडे सांगितले जातात ते कुठल्या हवेतले आहेत हे मी आता विचारू लागले आहे.

कोकणात या गोष्टीचा अनुभव खरे तर प्रत्येक घराने घेतलेला असतो, फक्त चाकूऐवजी छत्रीत. छत्रीच्या दांड्यात वरचा आणि खालचा असे दोन खटके असत. वाकवलेल्या तारेचे किंवा पत्र्याचे ते तुकडे दांड्याच्या चिरेतून डोके बाहेर काढून छत्री उघडी किंवा मिटलेली धरून ठेवत. मे महिन्याच्या शेवटी बाजारपेठेत छत्री दुरुस्त करणारे काका पथारी मांडून बसत आणि त्यांच्यासमोर जमलेल्या निम्म्या छत्र्यांचे दुखणे खटक्याचे असे. ते दांडा उलटा करून गंजलेली तार चिमट्याने ओढून काढत, डब्यातून नवी तार घेऊन आमच्यासमोरच वाकवत, दोनदा छत्री उघडून मिटून पाहत आणि परत देत. मला त्या डब्याचा फार मोह वाटे. त्यात तयार खटके क्वचितच असत, नुसती तार असे. खटका तुटणे हे त्यांच्या दृष्टीने छत्रीचे वैगुण्यच नव्हते. कापड विटते, काड्या वाकतात, तसा खटका तुटतो, आणि तो बदलता येतो की नाही एवढेच ते पाहत. दांड्याला आतून पक्का डकवलेला खटका असलेली नव्या धाटणीची छत्री पुढे बाजारात आली, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन, “ह्याच्यात माझा चिमटा जात नाही,” एवढेच सांगून परत केली होती.

आमच्या घरात स्प्रिंगांच्या बाबतीत एक समजूतही होती. स्प्रिंग दाबून ठेवली की ती कमजोर होते, म्हणून तिला अधूनमधून विसावा द्यावा. वडील मनगटी घड्याळाला चावी पूर्ण देत नसत, छत्री मिटवून तिचा बंद लावत नसत, आणि मी हा चाकू घेतल्यावर त्यांनी तो रात्री अर्धवट उघडा ठेवावा असे सुचवले होते. भाच्याकडून कळले ते असे, की मर्यादेच्या आत दाबून ठेवलेली स्प्रिंग नुसत्या दाबलेपणाने फारशी झिजत नाही. जी काय थोडी ढिलाई यायची ती बहुतेक सुरुवातीलाच येते, आणि चांगले कारखाने स्प्रिंग आधीच एकदा पुरती दाबून ती ढिलाई काढून टाकतात. तिला मारते ते मागेपुढे होणे. पाच वर्षे कपाटात मिटून ठेवलेला चाकू स्प्रिंगच्या दृष्टीने जवळपास नवा असतो, ओल मात्र त्याला लागलेली नसावी. मला वडिलांची ती काळजी चुकीची ठरल्याचे वाईट वाटले नाही, तिचा उगम कळल्याचे समाधान वाटले. त्यांच्या पिढीने चावीच्या घड्याळांच्या पोलादी स्प्रिंगा तुटताना पाहिल्या होत्या, आणि त्या बहुतेक वेळा चावी पुरती भरताना तुटल्यामुळे दोष भरण्यावर गेला होता.

आता त्या तपकिरी तुटीकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ तिने केले आहे. लॉकमध्ये दोन स्प्रिंगा का असतात याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की एक तुटली तर दुसरी असावी. हे उत्तर ऐकताना धीर येतो. पण एक तुटल्यावर चाकू जर तसाच चालत राहिला, आणि हातात आलेला थोडासा हलकेपणा रोजच्या सवयीत बुडून गेला, तर त्या क्षणापासून माझ्याकडे प्रत्यक्षात एकच स्प्रिंग आहे आणि विश्वास मात्र दोघींवरचा आहे. दुसरी तुटते तेव्हा दांड्याला पुढे रेटणारे काहीच उरत नाही. पाते उघडून कापताना दांडा आपोआप जागेवर येत नाही, त्यामुळे पाते बोटांवर मिटू शकते. आणि मला त्याहून जास्त भीती वाटते ती उलट्या बाजूची. मिटलेले पाते आत दाबून धरण्याचे कामही याच स्प्रिंगा करतात, म्हणून दोन्ही गेल्या तर खाली वाकताना पाते खिशातच उघडेल आणि हात न पाहता खिशात जाईल. दुसऱ्या स्प्रिंगने पहिलीचे मरण झाकून ठेवले. तिने माझा हात वाचवला, हे खरे आहे, आणि तिनेच मला अंधारात ठेवले, हेही तितकेच खरे आहे.

इथे मनात सहज येते की एकटीवर दुप्पट भार पडला असेल आणि ती लवकर जाईल. तसे होत नाही. दांडा मागे किती जायचा हे खाच ठरवते, म्हणून राहिलेली तार पूर्वीइतकीच वाकते आणि तिच्यातला ताणही जवळपास पूर्वीइतकाच राहतो. कमी होतो तो लॉकचा जोर. धोका वेगळ्या कारणाने आहे. दोन्ही तारा बहुधा एकाच गुंडाळीतून कापलेल्या, एकाच हत्याराने वळवलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या असतात. एकीने जितक्या उघडमिटी पाहिल्या तितक्याच दुसरीनेही पाहिल्या, एकीला जितका चीक आणि ओल लागली तितकीच दुसरीला. नाणे दोनदा उडवल्यासारखे हे दोन स्वतंत्र योगायोग नसतात. एक गेली असेल तर दुसरीची वेळ जवळ आलेली असण्याची शक्यताच जास्त. म्हणून दोन स्प्रिंगांचा आधार खरा व्हायचा असेल तर पहिली गेल्याचे ताबडतोब कळले पाहिजे, आणि ते कळण्याची कोणतीही सोय या सुंदर रचनेत केलेली नाही.

या दृष्टीने मी नंतर बाकीची लॉक पाहू लागले. फ्रान्समधल्या सावोआच्या डोंगराळ भागातला ओपिनेल चाकू मला आता पूर्वीपेक्षा जास्त आवडतो. मार्सेल ओपिनेल यांनी 1955 मध्ये त्याला एक फिरते पोलादी कडे बसवले. पाते उघडायचे आणि कडे बोटाने फिरवायचे, की पाते अडकले. कडे ढिले झाले तर फिरवताना बोटांना कळते आणि पक्कडीने जरा आवळता येते. त्यात अंधारात राहण्यासारखे काही नाही. पण ते फिरवायला दुसरा हात लागतो, आणि पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगून पाते इतके घट्ट धरते की नखाने उघडत नाही. मायकेल वॉकर यांनी 1980 च्या सुमारास रूढ केलेल्या लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतला पत्राच कापून बाजूला वाकवलेला असतो आणि तोच स्प्रिंग आणि तोच अडसर. तो लांब आहे, थोडाच वाकतो, सहसा तुटत नाही. तो झिजत जातो तसा पात्याच्या बुडावर हळूहळू पलीकडे सरकतो आणि हे सरकणे डोळ्यांनी दिसते. वर्षानुवर्षे तो कुठवर आला ते पाहून चाकूचे वय सांगता येते. फक्त मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत जातो, हे मला रोपे हाताळताना परवडत नाही. 1964 च्या बक 110 सारख्या चाकूंत पाठीवर तरफ आणि तिच्याखाली दणकट स्प्रिंग असते. तिला जागा भरपूर आहे आणि आयुष्यही मोठे आहे, पण चाकूच जड आहे.

गुंडाळीच्या स्प्रिंगबद्दल मात्र मला खास जिव्हाळा वाटू लागला आहे. स्पायडर्को कंपनीच्या काही चाकूंत पात्यामागे एक पोलादी गोळी असते आणि तिला मागून दाबलेली गुंडाळी पुढे रेटते. नळीसारख्या कोंदणात दाबून ठेवलेली गुंडाळी मधेच तुटली तरी तिचे दोन तुकडे जागेवरच राहतात, एकमेकांना टेकतात आणि थोड्या कमी जोराने का होईना, रेटत राहतात. ओढल्या जाणाऱ्या किंवा टोकाला अडकवलेल्या तारेचे तसे नसते. ती तुटली की तिचे काम तिथेच संपते. म्हणजे स्प्रिंग तुटणार नाही याची हमी मिळत नसेल, तर निदान ती तुटल्यावर काय व्हावे हे आधी ठरवून घेता येते. माझ्या मते रचनाकाराची खरी कसोटी इथे आहे, आणि आकडेमोडीपेक्षाही ती वापरणाऱ्याच्या बोटांबद्दल वाटणाऱ्या काळजीतून पार पडते.

तरीही मी आडव्या दांड्याचाच चाकू वापरते. एक हात रोपाला अडकलेला असताना दुसऱ्या हाताने, बोटे बाजूला ठेवून मिटणारे इतके सुरक्षित दुसरे लॉक मला मिळालेले नाही. बदलले आहे ते त्याच्याशी वागणे. महिन्यातून एकदा मी दांड्याचे आधी डावे टोक एकटे मागे ओढून सोडते, मग उजवे. दोन्ही स्प्रिंगा जिवंत असतील तर दोन्ही टोके सारख्याच जोराने परत येतात. एक मेली असेल तर त्या बाजूला दांडा तिरका होतो आणि मऊ लागतो. दोन्ही टोके एकत्र ओढली तर हा फरक सवयीच्या हाताला सहसा लागत नाही, वेगवेगळी ओढली तर लगेच लागतो. चाकू घेताना दिलेल्या कागदावर ही चार ओळींची चाचणी छापायला कोणत्याही निर्मात्याला काहीच खर्च नाही, आणि मला ती एकाही कागदावर सापडलेली नाही.

उलट काही कागदांवर असे छापलेले असते की मूठ खोलली तर वॉरंटी रद्द. स्क्रू चुकीचे आवळले जातील, बारीक भाग हरवतील, ही निर्मात्यांची भीती मी समजू शकते. पण ज्या लॉकमध्ये पहिली स्प्रिंग गुपचूप तुटते, त्या लॉकच्या मालकाला आत पाहायला मनाई करणे मला मान्य होत नाही. आजीवन वॉरंटी देऊन चाकू साता समुद्रांपलीकडे परत पाठवायला सांगणे हेही दापोलीत बसलेल्या माणसाला तोकडेच पडते. तारेच्या दोन तुकड्यांची एक छोटी पुडी चाकूसोबत दिली तर तिची किंमत चाकूच्या किमतीत जाणवणारसुद्धा नाही.

ती पुडी मी वेगळी मागवली. आल्या त्या चार तारा. तुटलेल्या उजवीबरोबर मी शाबूत डावीही काढली आणि दोन्ही नव्या बसवल्या. भाच्याने काढलेली डावी तार कारखान्यात नेऊन मोठ्या भिंगाखाली पाहिली. वळणाच्या आतल्या अंगाला, उजवी जिथे तुटली होती बरोबर त्याच जागी, तिच्यावरही गंजाचा एक खड्डा होता आणि त्यातून केसाएवढी चीर निघालेली होती. उरलेली जोडी तेलाच्या कागदात गुंडाळून कलमांच्या पट्ट्यांच्या डब्यात ठेवली आहे. पुढच्या मृगाच्या आधी चाकू पुन्हा खोलायचा, तारा भिंगाखाली पाहायच्या आणि शंका आली तर जोडीच बदलायची, असे ठरवले आहे.